घरातील भिंत, जमीन व सतरंजीवरील डाग : आधी कारण ओळखा, मग उपाय करा

पिकाच्या पानावर ठिपके दिसले, तर ते रोगाचे आहेत, किडीचे आहेत की अन्नद्रव्याच्या कमतरतेचे आहेत हे ठरविल्याशिवाय फवारणी करू नये, हे शेतकरी बंधूंना ठाऊक आहे. घरातील डागांच्या बाबतीत मात्र हा विचार सहसा होत नाही. सणाच्या तोंडावर भिंतीला चुना लावला जातो, सतरंजी धुतली जाते आणि पुढच्या पावसाळ्यात डाग त्याच जागी पुन्हा उमटतो. कारण कायम राहिले की डागही कायम राहतो.

शेतकऱ्याच्या घरी हा प्रश्न केवळ स्वच्छतेचा नाही. त्याच घरात वर्षाचे धान्य, पुढील हंगामाचे बियाणे आणि पुष्कळदा खते व औषधेही असतात. भिंतीवरचा डाग ही बऱ्याच वेळा धान्याला लागणाऱ्या ओलीची किंवा उंदीर-वाळवीची पहिली सूचना असते.

डाग पाहताना चार गोष्टी तपासाव्यात

१) जागा : डाग जमिनीलगत आहे, छताजवळ आहे, कोपऱ्यात आहे की विजेच्या बोर्डाभोवती?
२) आकार : आडवा पट्टा, गोल कडे, ओघळ, ठिपके की मातीची नळी?
३) काळ : डाग पावसात वाढतो, थंडीत वाढतो की बारा महिने सारखाच असतो?
४) स्पर्श : डाग ओलसर, तेलकट, भुकटीसारखा की चिकट आहे? औषधे ठेवण्याच्या जागेतील डागाला मात्र हात लावू नये व त्याचा वासही घेऊ नये.

ओलीचे डाग

ओल तीन वाटांनी येते. जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या तळाशी आडवा पट्टा तयार करते. हा पट्टा सर्वसाधारणपणे सुमारे १ मीटर उंचीपर्यंत जातो. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याप्रमाणे विटा व गिलाव्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी वर येते. छपरातून किंवा नळातून झिरपणारे पाणी वरून खाली ओघळते आणि वाळताना पिवळसर-तपकिरी कडे सोडते. तिसरी ओल हवेतील बाष्पाची असते. थंड भिंतीवर, कपाटामागे व हवा न खेळणाऱ्या कोपऱ्यात बाष्पाचे पाणी होते आणि तेथे काळे ठिपके पडतात.

ओल आतून येते की हवेतून, हे ठरविण्याची एक सोपी चाचणी आहे. सुमारे ४५ सें.मी. लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर किंवा जमिनीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा व एक दिवस तसाच ठेवावा. भिंतीकडील बाजूला थेंब जमल्यास ओल भिंतीतून किंवा जमिनीतून येत आहे. खोलीकडील बाजूला थेंब जमल्यास ती हवेतील बाष्पाची आहे. धान्याची पोती रचण्यापूर्वी कोठीच्या जमिनीवर ही चाचणी जरूर घ्यावी.

पांढरा थर : लोणा की बुरशी?

जमिनीतून चढणारे पाणी सोबत विरघळलेले क्षार आणते. पाणी उडून जाते व क्षार पृष्ठभागावर राहतात. हाच लोणा होय. गोठ्याला लागून असलेल्या भिंतीला लोणा अधिक लागतो, कारण जनावरांच्या मूत्रातील नत्रापासून जमिनीत नायट्रेट क्षार तयार होतात. रासायनिक खतांची पोती भिंतीला टेकवून ठेवल्यासही भिंतीत क्षार मुरतात.

थरावर पाण्याचे दोन-चार थेंब टाकावेत. थर विरघळून दिसेनासा झाला तर तो लोणा समजावा. बुरशी विरघळत नाही. ती कापसासारखी दिसते व तिला कुबट वास येतो. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढावा. पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा भिंतीत मुरतात. लोणा लागलेल्या भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा किंवा ऑइलपेंट देऊ नये. ओलीला बाहेर पडण्याची वाट बंद झाली की ती आणखी वर चढते. घराभोवतीचे पाणी उताराने दूर काढणे आणि मोरीचे पाणी पायाशी मुरू न देणे हा खरा उपाय होय.

काळे डाग

काळा डाग बुरशीचा आहे की काजळीचा, हे पाहण्यासाठी ब्लिचिंग पावडरच्या पातळ द्रावणाचा एक थेंब टाकावा. बुरशीचा रंग काही मिनिटांत फिका होतो, काजळीचा होत नाही. हे द्रावण ॲसिडमध्ये किंवा संडास साफ करण्याच्या औषधात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

विजेच्या बटणाभोवती किंवा प्लगजवळ काळा-तपकिरी डाग पडला असेल, तर तो सैल जोडामुळे निर्माण झालेल्या उष्णतेचा असण्याची शक्यता मोठी असते. हा डाग पुसत बसू नये. मेन स्विच बंद करून जाणकार वायरमनला बोलवावे. कडबा किंवा कापूस साठविलेल्या घरात याकडे दुर्लक्ष करणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

पोत्यावरील डाग व धान्य

भिंतीला टेकलेल्या पोत्यावर ओलसर डाग किंवा पिवळसर-हिरवी बुरशी दिसल्यास फक्त पोते बदलून भागत नाही. मका व भुईमुगावर वाढणाऱ्या ॲस्परजिलस बुरशीपासून अफलाटॉक्सिन हे विष तयार होते. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल जिल्ह्यांत पावसात भिजून बुरशी आलेला मका खाल्ल्याने शंभरावर माणसे दगावली. नेहमीच्या शिजविण्याने हे विष नाहीसे होत नाही. बुरशी झटकली किंवा धान्य धुतले तरी दाण्यात शिरलेले विष तेथेच राहते. म्हणून बुरशी लागलेला माल माणसांना किंवा जनावरांना खाऊ घालू नये. दुभत्या जनावराने असा माल खाल्ल्यास विषाचा अंश दुधातही उतरतो.

धान्य साठविताना ज्वारी-गव्हातील ओलावा १२ टक्क्यांपेक्षा व भुईमूग शेंगांतील ओलावा ८ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचावीत.

उंदीर, पाल, वाळवी व ढेकूण

भिंतीच्या कडेने जमिनीलगत तेलकट काळपट पट्टा दिसला तर ती उंदरांची नेहमीची वाट आहे. त्यांच्या अंगाचा मळ लागून तो तयार होतो. लेंडीच्या टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पालीची, नसेल तर उंदराची असण्याचा संभव असतो. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार पसरतो. त्यामुळे असे डाग हातमोजे घालून आणि जंतुनाशक द्रावणाने ओले करून पुसावेत, कोरडे झाडू नयेत.

जमिनीपासून वर गेलेली मातीची बारीक नळी वाळवीची असते. नळीचा थोडा भाग मोडून ठेवावा. चार-आठ दिवसांत ती पुन्हा बांधली गेल्यास वाळवी जिवंत आहे असे समजावे. न बांधल्यास मात्र वाळवी गेली असे धरू नये, जवळचे लाकूड ठोकून पाहावे.

गादीच्या शिवणीवर किंवा खाटेच्या सांध्यात गडद ठिपके असतील आणि ओल्या कापसाने पुसल्यावर ते तांबूस पसरत असतील, तर ते ढेकणांचे आहेत.

सतरंजी व फरशीवरील डाग

पिवळा डाग साबण लावताच लाल झाला तर तो हळदीचा. साबणातील अल्कलीमुळे हळद लाल होते. धुऊन उन्हात वाळविल्यास हा डाग फिका पडतो. लोखंडी पेटीखालील तांबूस डाग गंजाचा असतो व लिंबाच्या रसाने तो निघतो. मात्र शहाबादी फरशीवर लिंबू वापरू नये. तो चुनखडीचा दगड असल्याने आम्लाने खातो. पाण्याचा थेंब न मुरता वर तरंगत राहिला तर डाग तेलाचा समजावा. त्यावर पीठ किंवा खडूची भुकटी टाकून तेल शोषू द्यावे व मग साबण लावावा. रक्ताचा डाग थंड पाण्यानेच धुवावा, गरम पाण्याने तो पक्का बसतो.

औषधांचे डाग

कीटकनाशक सांडले असल्यास मुले व जनावरे यांना दूर ठेवावे. हातमोजे घालून डागावर कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकावा. औषध शोषले गेल्यावर तो गोळा करून विहीर, ओढा व गोठ्यापासून दूर पुरावा. औषधाने भिजलेली सतरंजी, गोधडी किंवा पोते धुऊन पुन्हा वापरू नये व जाळूही नये. याच कारणासाठी औषधे धान्याच्या खोलीत कधीही ठेवू नयेत.

शेतकरी बंधू-भगिनींनी यंदा पावसाळा सुरू होण्यापूर्वी एकदा व संपल्यावर एकदा, दिवा हातात घेऊन घराच्या व कोठीच्या चारही भिंती पाहाव्यात. डागाच्या कडेने खडूची रेघ मारून तारीख लिहावी. महिन्याने डाग रेघेच्या बाहेर गेलेला दिसला, तर कारण अजून चालू आहे असे समजून त्याचा शोध घ्यावा. चुन्याची बादली त्यानंतरच काढावी.