थोड्या जागेंत मोठें इंजिन

जुन्या मोटारीचें मूळ इंजिन काढून तिच्यांत दुसरें, अधिक शक्तीचें इंजिन बसविण्याची हौस पुष्कळांस असते. ज्यांनीं हें काम जवळून पाहिलें नाहीं त्यांस वाटतें कीं, त्यांतील मुख्य अडचण पैशाची असावी. वस्तुतः पहिली अडचण जागेची असते. बॉनेटखालील पोकळी जेवढी आहे तेवढीच राहणार. तींत नवें इंजिन कसें मावेल, हा भूमितीचाच प्रश्न होय. मात्र वहींतील घनाकृति स्थिर असते. इंजिन हलतें, तापतें, आणि दुरुस्तीसाठीं त्याच्यापर्यंत हात पोंचावा लागतो.

या विषयाचें उत्तम उदाहरण म्हणून आम्ही विद्यार्थ्यांपुढें सनबीम टायगर ही मोटार ठेवतों. इंग्लंडांतील रूट्स कंपनीची सनबीम अल्पाइन नांवाची दोन बैठकांची छोटी गाडी १९५९ सालीं निघाली. दिसावयास सुंदर, परंतु तिचें चार सिलिंडरांचें इंजिन सुमारें १,६०० घनसेंटिमीटरांचें. अमेरिकेच्या लांबलचक रस्त्यांवर तें अपुरें पडे. कंपनीचे तेथील पश्चिम किनाऱ्यावरील विक्रीप्रमुख इयान गॅरड यांनीं एका सहकाऱ्यास बॉनेटखालील जागा मोजण्यास, आणि एक साधी लांकडी मोजपट्टी घेऊन निरनिराळ्या दुकानांतील मोटारींचीं आठ सिलिंडरांचीं इंजिनें मोजून येण्यास सांगितलें. फोर्ड कंपनीचें २६० घनइंचांचें, म्हणजे सुमारें ४,२६० घनसेंटिमीटरांचें इंजिन तेवढ्यांत बसेलसें दिसलें. वजनहि सुमारें २०० किलोच होतें.

येथें कोणी विचारील, चारांच्या जागेंत आठ सिलिंडर मावतात कसे? चार सिलिंडर एकामागें एक अशा एकाच रांगेंत उभे असतात. या फोर्ड इंजिनांत चार-चारांच्या दोन रांगा व्ही अक्षरासारख्या तिरप्या ठेविलेल्या आहेत. त्यामुळें लांबी फारशी वाढत नाहीं; वाढते ती रुंदी. अडचण नाहींशी झाली नाहीं, ती पुढून-मागून निघून दोन्ही बगलांस गेली.

१९६३ सालीं प्रसिद्ध अमेरिकन गाडीतज्ज्ञ कॅरल शेल्बी यांजकडे नमुन्याची गाडी करण्याचें काम आलें. मोठें इंजिन लहान करतां येत नाहीं. म्हणून त्याच्या आसपासच्या लहान वस्तु हलवावयाच्या, हीच रीत त्या गाडींत सर्वत्र दिसते. स्टिअरिंगची जुनी पेटी आड येई. ती काढून रॅक व पिनियन पद्धतीचें स्टिअरिंग बसविलें. ऑइल फिल्टर डाव्या बाजूस खालीं असे, तो उजवीकडे वर, जनित्राच्या मागें नेला. डाव्या बाजूच्या स्पार्क प्लगपर्यंत पान्हा जाईना, तेव्हां बैठक व इंजिन यांमधील पत्र्याच्या भिंतीस भोंक पाडून त्यास रबरी बूच लाविलें. प्लग बदलणारा मिस्त्री गाडींत बसून काम करी! पुढें वेस्ट ब्रॉमविच येथील जेन्सन कारखान्यांत या गाड्या तयार होऊं लागल्या, तेव्हां इंजिन आंत सरकावें म्हणून कारागीर रंग दिलेल्या त्या भिंतीवर घणाचे घाव घालीत. आमच्या मतें ही युक्ति कारखान्यास शोभणारी नव्हे, परंतु तिनें काम साधलें खरें.

आतां आमच्या विद्यार्थ्यांनीं मोजणीची एक सोपी कृति ध्यानांत ठेवावी. चित्रकलेच्या तासास आपण ज्या मऊ मातीच्या आकृति करतों, तिचे गोळे इंजिनाच्या सर्वांत उंच भागांवर ठेवावे, बॉनेट हलकेंच लावावें व पुन्हा उघडावें. माती जेथें दबली तेथील तिची जाडी मोजली कीं, न दिसणारें अंतर हातीं येतें. तें नुसतें असून भागत नाहीं. इंजिन रबरी आधारांवर बसलेलें असल्यामुळें वेग देतांच एका अंगास कलतें. उभ्या गाडींत केवळ नख शिरेल एवढीच फट असेल, तर चालत्या गाडींत तेथें लोखंडावर लोखंड आपटेल.

तळाशीं तेलाचें चेंबर असतें. तें पुढील आडव्या तुळईस अडत असेल तर तेथें उथळ व जेथें मोकळीक आहे तेथें खोल असें नवें चेंबर करतात. अशा वेळीं तेल ओढणारी नळीहि खोल भागांत नेली पाहिजे. ती उथळ भागांत राहिली, तर चढावर तेल एकीकडे व नळी दुसरीकडे अशी स्थिति होऊन बेअरिंगें जळतात. गिअरबॉक्सपासून मागील चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टाचे कोनहि तपासावे. इंजिनाचें टोंक थोडें उचललें तरी ते बिघडतात.

सर्वांत मोठें भय उष्णतेचें. धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या अतिशय तापतात. जागेच्या तंगींत त्या ब्रेकच्या नळीस चिकटून गेल्या तर ब्रेकचें तेल उकळतें, त्यांत वाफ होते, आणि पेडल तळापर्यंत दाबूनहि गाडी थांबत नाहीं. मध्यें पत्र्याचा आडोसा असावा, आणि ब्रेकची नळी दुसऱ्या वाटेनें नेतां येत असेल तर तेंच करावें. पालकांपैकीं कोणी अशी सुधारलेली जुनी गाडी घेणार असतील, त्यांनीं चकचकीत रंगाआधीं ही नळी पाहावी.

टायगर १९६४ च्या एप्रिलांत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली, व एकंदर सुमारें सात हजार गाड्या निघाल्या. मध्यंतरीं रूट्स कंपनी अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीच्या हातीं गेली. आपल्या गाडींत प्रतिस्पर्धी फोर्डचें इंजिन असावें हें क्रायस्लरला कसें रुचावें? तिचें स्वतःचें २७३ घनइंचांचें आठ सिलिंडरांचें इंजिन होतें. आकडा पाहिला तर फरक थोडा. परंतु फोर्डच्या इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर पुढच्या अंगास होता व क्रायस्लरचा मागच्या अंगास, म्हणजे जेथें घण मारून जागा केली होती नेमका त्याच भिंतीपाशीं. गाडीचा सांगाडा बराच बदलल्यावांचून तें बसेना. टायगरचें उत्पादन १९६७ सालीं बंद झालें.