दोन गतींनी चालणारे गणित

दिल्लीतील एखाद्या गजबजलेल्या चौकात हिरवा दिवा किती सेकंद ठेवावा, हे ठरवावयाचे आहे असे समजू. गर्दीचा नेमका नियम कोणालाच ठाऊक नसतो. हाती येते ती केवळ मोजणी, आणि तीही यदृच्छेने कमीअधिक होणारी. अशा वेळी प्रत्येक मोजणीनंतर आपला अंदाज थोडा सुधारीत जावे, एवढेच शक्य असते. ह्या रीतीला रॉबिन्स आणि मन्रो यांनी १९५१ मध्ये गणिताचा पाया दिला.

प्रश्न आहे तो ‘थोडा’ म्हणजे किती, हा. पाऊल मोठेच राहिले तर अंदाज सतत हेलकावत राहतो. फार लवकर आखडले तर वाटेतच थांबतो. १, १/४, १/९, १/१६ अशी पावले कितीही टाकली तरी एकूण अंतर दोनपर्यंतदेखील पोचत नाही. उलट १, १/२, १/३, १/४ ही पावले लहान होत जातात, तरीही कितीही दूरचा पल्ला गाठू शकतात. म्हणून दुसरी मालिका उपयोगी.

विवेक बोरकर यांचे महत्त्वाचे संशोधन ह्याच विषयातील आहे. मुंबईच्या आय. आय. टी.ची पदवी (१९७६), बर्कलीची डॉक्टरेट (१९८०), मग बंगलोर व मुंबई येथे संशोधन आणि २०११ पासून पुन्हा पवई, असा त्यांचा प्रवास झाला.

दिव्याचा नियम सुधारावयाचा, तर चालू नियमाने वाहने किती खोळंबतात हे आधी कळावयास हवे. पण ते पुरते कळेतो थांबावयाचे, तर सुधारणा व्हावयाची केव्हा? बोरकरांनी १९९७ च्या निबंधात दाखविले, की अशी दोन्ही कामे एकदमच चालू ठेवता येतात, मात्र दोन गतींनी. खोळंब्याचा अंदाज मोठ्या पावलांनी चालावा, नियम त्या मानाने अधिकाधिक लहान पावलांनी. मग जलद क्रियेला मंद क्रिया जवळजवळ अचल भासते, आणि मंद क्रियेला जलद क्रिया स्थिरावलेलीच आढळते.

१९९९ मध्ये कोंडा यांच्यासमवेत त्यांनी हाच विचार ‘नट आणि समीक्षक’ ह्या नावाच्या गणनविधींना लावला. नट कृती करतो, समीक्षक तिचे मोल जोखतो. समीक्षकाने त्वरा करावी व नटाने सबुरीने बदलावे, अशी येथील नेहमीची व्यवस्था. रंगभूमीवर ती कितपत मानवेल, कोण जाणे!

अखेर कोठे पोचणार, हे अशी सिद्धता सांगते. किती काळात, हे नव्हे. तेवढ्या अवधीत चौकातील गर्दीच पालटली तर? म्हणून परिस्थिती बदलती असेल तेथे पावले एका मर्यादेपलीकडे आखडू देत नाहीत, आणि थोडे हेलकावे पत्करतात.