हरवलेली मायभूमी : कथा आणि इतिहास
(अभ्यासलेख)



“तुमचं मूळ गाव कोणतं?” हा प्रश्न बेळगाव-निपाणी भागात प्रत्येकाला कधी ना कधी विचारला जातो. कुणी शेजारचे खेडे सांगतो, कुणी कोकण, कुणी गोवा. घर इथे, कुलदैवत तिथे. कुटुंबाला जसे मूळ गाव असते, तशीच प्राचीन समाजांनीही आपली एक मूळ भूमी सांगितली आहे. बहुधा ती हरवलेली असते. आज अशा काही कथा शेजारी-शेजारी ठेवून पाहू.

समुद्राने गिळलेली भूमी

महाभारताच्या मौसलपर्वात यादव आपसात लढून नष्ट होतात, श्रीकृष्ण देह ठेवतो, अर्जुन उरलेल्या बायकामुलांना घेऊन निघतो आणि पाठीमागे द्वारका समुद्रात बुडते. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने इ.स.पूर्व चौथ्या शतकात अटलांटिसची कथा लिहिली. तिथले लोक गर्वाने बिघडले आणि एका दिवस-रात्रीत बेट बुडाले. तमिळ परंपराही सांगते, की पांड्य राजांची दक्षिणेकडील भूमी समुद्राने गिळली.

पहिल्या दोन कथांत आधी माणसाचा दोष आहे, मग समुद्राचा कोप. म्हणजे त्या नुसत्या हकिकती नाहीत, त्यांत बोधही आहे.

पण यामागे सत्य किती? सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ 120 मीटर खाली होती. बर्फ वितळले तसे जगभरचे किनारे बुडाले. द्वारकेजवळ समुद्रात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली शोध घेतला. तेथे घडीव दगड आणि दगडी नांगर मिळाले. मात्र त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत एकमत नाही. अटलांटिसचा पुरावा तर मिळालेलाच नाही.

आपल्याकडची कथा याच्या नेमकी उलट आहे. परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकणभूमी मिळवली असे सांगतात. त्याची माता रेणुका म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील सौंदत्तीची यल्लम्मा. आईचे ठाणे घाटावर, मुलाची भूमी घाटाखाली!

लोकमान्यांचा सिद्धांत

1916 साली बेळगावात होमरूल लीगची स्थापना करणारे लोकमान्य टिळक याच विषयाचे अभ्यासक होते. 1903 साली त्यांनी आर्यांचे मूळस्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचे मांडणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. वेदांत दीर्घ उषांची वर्णने आहेत. पारशांच्या अवेस्तात कडाक्याच्या हिवाळ्यापासून वाचण्यासाठी यिम राजा ‘वर’ बांधतो आणि तेथील लोकांना एक वर्ष एका दिवसासारखे वाटते. ही ध्रुवप्रदेशाची आठवण, असे टिळकांनी मानले.

आज हा निष्कर्ष मान्य नाही. भाषाशास्त्र आणि प्राचीन डीएनए यांच्या आधारे बहुतेक संशोधक या भाषाकुळाचा उगम काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशाकडे शोधतात. तरी टिळकांनी दोन समाजांचे ग्रंथ समोरासमोर ठेवले आणि आपले पुरावे उघड मांडले, म्हणूनच पुढच्यांना ते तपासता आले. ही पद्धत आपण घ्यावी.

नाव मात्र सोबत येते

मेक्सिकोतील अझ्टेक लोक आपण अझ्टलान नावाच्या बेटावरून आलो असे सांगत. ते बेट कुठे होते हे ठरलेले नाही. पण त्यांचे नावच त्यावरून पडले.

सारस्वत परंपरेनुसार त्यांचे पूर्वज लुप्त झालेल्या सरस्वतीकाठचे. गोव्यात ते ज्या गावी राहिले त्यांपैकी एक कुशस्थळी, आजची कुठ्ठाळी. पुराणांत कुशस्थली हे द्वारकेच्या जागेचे जुने नाव आहे! सरस्वतीकाठची कथा दूरची. पण पोर्तुगीज अमलात 1560 साली कुशस्थळीचे श्रीमंगेश नदीपलीकडे प्रियोळला हलवावे लागले, हा इतिहास आहे. भक्त आज मंगेशीला जातात, पण जुन्या गावाचे नाव विसरलेले नाहीत.

तात्पर्य

भूमी सुटते, पण नाव, दैवत आणि कथा माणसे बरोबर घेऊन येतात. मूळ भूमीची कथा आपल्याला आठवणीत बांधून ठेवते. मात्र ती शेजाऱ्याला उपरा ठरवण्यासाठी वापरू नये. खूप मागे गेलो तर आपण सारेच कुठून तरी आलेलो आहोत.

स्वाध्याय

1. द्वारका आणि अटलांटिस या कथांतील दोन साम्ये व एक फरक लिहा.
2. आजी-आजोबांना कुलदैवत व मूळ गाव विचारा. वहीत तीन रकाने करा : ‘ऐकलेले’, ‘कागदपत्रांत असलेले’, ‘अजून शोधायचे’.

पालकांना विनंती, की दुसरा स्वाध्याय या सुट्टीतच करून घ्यावा. सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच हे विचारता येते.