सौरशक्तीचा उद्योग आणि विहिरीचे पाणी

सूर्याचा उपयोग सांगली जिल्ह्यातील शेतकऱ्यास नव्याने शिकविण्याची आवश्यकता नाही. शिजविलेली हळद उन्हात पसरून वाळविणे, तासगाव भागात द्राक्षांचे घड सावलीत जाळीवर ठेवून उन्हाळ्याच्या कोरड्या वाऱ्यावर बेदाणा तयार करणे, ही कामे सूर्याच्याच उष्णतेवर चालत आली आहेत. परंतु उन्हाने माल वाळविणे वेगळे आणि उन्हाच्या बळावर विहिरीतील पाणी वर काढणे वेगळे. हे दुसरे काम साधावयास माणसास शंभराहून अधिक वर्षे लागली.

ह्या दिशेचा एक आरंभीचा प्रयोग मुंबईतच झाला, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. विल्यम अॅडम्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने कुलाबा येथे अनेक सपाट आरसे मांडून सूर्यकिरण बाष्पपात्रावर एकवटविले आणि त्या वाफेवर सुमारे अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालवून दाखविले. त्याचे पुस्तक १८७८ साली मुंबईस प्रसिद्ध झाले. पुढे १९१३ साली इजिप्तमध्ये कैरोजवळील मादी येथे फ्रँक शुमन ह्या अमेरिकन अभियंत्याने सुमारे दोनशे फूट लांबीचे पन्हळीसारखे आरसे उभारून नाईल नदीचे पाणी शेतीसाठी उपसले. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि ते काम थांबले. आरसे सूर्याच्या गतीबरोबर फिरवीत राहावे लागत, यंत्रसामग्री महाग पडे, आणि खनिज तेल मात्र स्वस्त होत होते.

म्हणून आपल्याकडे मोटेची जागा घेतली ती तेलाच्या इंजिनाने व पुढे विजेच्या पंपाने. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर वसविलेल्या किर्लोस्करवाडीस प्रथम लोखंडी नांगर व नंतर, १९२६ पासून, पाण्याचे पंप तयार होऊ लागले. पंपाची विद्या अशा रीतीने ह्या भागात फार पूर्वीच रुजली होती. उणीव होती ती स्वस्त शक्तीची.

१९५४ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट जगापुढे मांडला. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर प्रकाश पडताच तीत विजेचा प्रवाह सुरू होतो. वाफ, तेल किंवा फिरते चाक काहीच लागत नाही. पडलेल्या प्रकाशापैकी अवघा सहा टक्के भाग त्या घटात विजेत उतरत असे, आणि त्याची किंमत इतकी होती की प्रथम तो उपग्रहांवरच वापरला गेला. भारतात सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९७४ साली स्थापन झाली व त्या दशकाच्या उत्तरार्धात तिने देशी सौरघट व तक्ते तयार केले. केंद्र शासनाने सौरपंपांचा कार्यक्रम १९९२-९३ पासून हाती घेतला, तरी तक्त्यांच्या किंमतीमुळे तो बराच काळ प्रात्यक्षिकापुरताच राहिला. खरे वळण आले ते २०१० च्या जानेवारीत राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाल्यावर. त्या वर्षी मोठ्या सौरप्रकल्पांच्या विजेचा दर युनिटास बारा रुपयांच्या आसपास होता. २०१७ साली राजस्थानातील भाडला येथील लिलावात तो २ रुपये ४४ पैशांपर्यंत खाली आला. जगभर कारखाने वाढले, तक्ते स्वस्त झाले, आणि अॅडम्सला जे परवडले नाही ते शेतकऱ्याच्या आवाक्यात आले.

सातारा व सांगली जिल्ह्यांनी अपारंपरिक वीज प्रथम पाहिली ती पवनचक्क्यांच्या रूपाने, पाटण तालुक्यातील वनकुसवड्याच्या पठारावर आणि कवठे महांकाळ तालुक्यात ढालगावच्या बाजूस. पवनचक्कीची वीज पावसाळ्यात अधिक मिळते, तर पिकास पाण्याची निकड हिवाळ्या-उन्हाळ्यात असते. ऊन त्याच काळात भरपूर. पाटण तालुक्यातीलच मान्याचीवाडी हे गाव २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम ठरले.

शेतीसाठी दोन मार्ग आहेत. २०१७ साली आखलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौरप्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीस दिवसा वीज देतात; २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये ठरले. दुसरा मार्ग स्वतंत्र सौरपंपाचा. २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांचा पाच टक्के ठेवण्यात आला. कराड, पाटण, शिराळा भागांत रात्रीच्या पाळीस उसात बिबट्याचे भय घेऊन बारे देणाऱ्यास दिवसाच्या पाण्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

तथापि माण, खटाव, आटपाडी, जत ह्या तालुक्यांत पावसाची सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास असते, आणि तेथे पंपाची निवड करण्यापूर्वी विहीर मोजणे अगत्याचे आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने हे काम शेतकऱ्याबरोबर स्वतः करावे. सायंकाळी सहा वाजता उपसा थांबवून पाण्याच्या पातळीवर खूण करावी व सकाळी सहा वाजता पातळी किती चढली ते पाहावे. विहीर सहा मीटर व्यासाची असेल तर एक मीटर चढ म्हणजे सुमारे अठ्ठावीस हजार लिटर पाणी. बारा तासांत दोन मीटर चढ झाला, तर दिवसरात्र मिळून लाखभर लिटर मिळेल. एप्रिलमध्ये तोच चढ अर्ध्या मीटरवर आला, तर दिवसाचे पाणी अठ्ठावीस हजार लिटरच राहते.

आता पंपाकडे पाहू. पाच अश्वशक्तीच्या पंपास साधारण ४,८०० वॉटचे तक्ते असतात. स्वच्छ उन्हात त्यांपासून दिवसाला सुमारे चोवीस युनिटे मिळतात, असे धरता येईल. तक्त्यापासून नळापर्यंतची सर्व घट वजा जाता एकूण तीस मीटर उचलीवर असा पंप दिवसाला लाखाहून थोडे अधिक लिटर पाणी देतो. पन्नास मीटरवर ते सत्तर हजारांच्या आसपास येते. म्हणजे जानेवारीत विहिरीस शोभणारा पंप एप्रिलमध्ये तीच विहीर दीड-दोन तासांत कोरडी करील. विजेच्या पंपास निदान भारनियमनाचा अडसर असे. सूर्य रोज येतो आणि बिल पाठवीत नाही, त्यामुळे उपसा थांबविण्याचे कारण उरत नाही. शेजारच्या विहिरीवर परिणाम होतो तो येथेच.

एका एकरास पाच सेंटिमीटर पाणी पाटाने द्यावयाचे तर दोन लाख लिटर लागतात. ह्यावरून अशा विहिरीवर ऊस धरणे किती धोक्याचे आहे, हे शेतकऱ्यास आकड्यांनी पटवून देता येते. ठिबकावरील डाळिंब व द्राक्ष ह्यांचा हिशेब वेगळा. म्हैसाळ योजनेचे पाणी जेथे पोचते तेथे परिस्थिती सुधारली. त्या योजनेतील उपशाचा वीजखर्च हीच मोठी अडचण असल्याने तिच्यासाठी जत तालुक्यात जर्मन विकास बँकेच्या साहाय्याने सौरप्रकल्प हाती घेण्यात आला आहे.

पंप बसविल्यावर तक्ते दक्षिणाभिमुख आहेत ना, हे पाहावे. बांधावरच्या बाभळीची सावली एकाच तक्त्यावर पडली तरी सर्व मालिकेची वीज घटते, म्हणून जागा दुपारी नव्हे तर सकाळी व सायंकाळीही पाहून निवडावी. धूळ पहाटे, तक्ते थंड असताना, साध्या पाण्याने व मऊ फडक्याने पुसावी. पावसाळ्यात पंप महिनोन्महिने बंद असतो. योग्य नियंत्रक बसविलेला असल्यास त्या दिवसांत उघडीप मिळेल तेव्हा त्याच विजेवर कडबाकुट्टी चालविता येते.