जादा दिवे : जागा कोणती आणि खर्च किती?

पालेगावात थार, बोलेरो, जिम्नी किंवा जुनी जिप्सी बाळगणाऱ्याच्या मनात पावसाळा तोंडावर आला की हमखास येतं : पुढे अजून दोन दिवे हवेत. विचार चुकीचा नाही. बदलापूरहून बारवी धरणाच्या अंगाने मुरबाड गाठायचं आणि पुढे माळशेज चढायचा, तर जुलै-ऑगस्टच्या धुक्यात मूळचे हेडलाइट अपुरे पडतात. पण हीच गाडी रोज काटई-बदलापूर रस्त्यावरही धावते आणि तिथे समोरून ट्रक, रिक्षा, दुचाक्यांची रांग असते. म्हणून दिवा कोणत्या कंपनीचा हे नंतर बघा. तो कुठे बसणार हे आधी ठरवा.

त्याहीआधी असलेल्या हेडलाइटवर थोडे पैसे घाला. पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या, फोकस सेट करून घ्या. जुन्या गाड्यांत हॅलोजन बल्बचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून आणि बारीक वायरीतून फिरून येतो, वाटेत व्होल्टेज गळतं. बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. बॅटरीपासून थेट वायर ओढून मध्ये रिले बसवणारं तयार किट साधारण ७०० ते १,५०० रुपयांना येतं. अनेकांचं काम एवढ्यावरच भागतं. ६०/५५ वॉटचा बल्ब काढून १००/९० वॉटचा टाकण्याचा सोपा उपाय मात्र टाळा. होल्डर वितळतो, आणि तो बल्ब रस्त्यावर चालवायला परवानगीही नाही.

यानंतरही दिवे हवेच असतील, तर पहिली जागा बंपरची : खाली, दोन्ही कडांना. धुक्याचे दिवे इथेच का, याचं कारण साधं आहे. दिवा डोळ्यांच्या जितका जवळ, तितका धुक्याच्या थेंबांवर आपटून परत फिरलेला उजेड थेट आपल्याच डोळ्यांत येतो. खालून निघालेला रुंद, चपटा झोत धुक्याच्या पोटाखालून रस्त्याच्या कडा आणि पांढरा पट्टा दाखवतो. खड्ड्यांसाठीही हीच जागा उत्तम. खालचा उजेड आडवा पडतो, त्यामुळे खड्ड्याच्या काठाची लांब सावली दिसते. टपावरचा उजेड वरून पडून तीच सावली पुसतो आणि खड्डा सपाट भासतो. आपल्या भागातल्या पावसाळी रस्त्यांवर हा फरक फार मोलाचा आहे.

पुढच्या फॉग लॅम्पसाठी प्रवासी गाड्यांना रूढ मर्यादा जमिनीपासून किमान २५० आणि कमाल ८०० मिलिमीटर अशी आहे. कंपनीने बंपरमध्ये आधीच जागा सोडलेली असेल तर तीच वापरा, नवं भोक पाडू नका. हॅलोजन जोडी वायरिंग, स्विच आणि पट्ट्यांसह साधारण २,००० ते ४,००० रुपये, बऱ्या कंपनीची एलईडी जोडी ४,००० ते ९,०००. पिवळा की पांढरा, यावर दुकानात तास घालवू नका. धुक्याचे थेंब सगळ्याच रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात. पिवळा डोळ्यांना सौम्य वाटतो एवढंच. झोताची वरची कड स्वच्छ कापलेली आहे का, हे भिंतीवर पेटवून बघा. खरी परीक्षा ती.

दुसरी जागा बोनेटच्या मागच्या कोपऱ्यात, काचेच्या खांबाजवळ. इथले छोटे दिवे थोडे बाहेरच्या बाजूला वळवले की वळणाच्या आतलं दिसतं, नाल्याची कड दिसते. कच्च्या वाटेवर हे खरोखर उपयोगी पडतात. जोडी २,००० पासून ८,००० पर्यंत, पट्ट्या वेगळ्या ८०० ते २,५००. परदेशी बनावटीचे घेतलेत तर खर्च पाच आकडी होतो. मात्र उजेड बोनेटवर सांडला तर आपलेच डोळे दिपतात, म्हणून दिवा थोडा पुढे सरकवून किंवा बोनेटवर काळी मॅट पट्टी चिकटवून घ्यावी लागते. हे दिवे डांबरी रस्त्याचे नाहीत. स्विच वेगळा हवा.

जाळीसमोर मोठे गोल दिवे लावायची जुनी हौस आहे. लांबवर मारा होतो हे खरं, पण रेडिएटरची हवा अडते. आणि ते टेकवण्यासाठी बुलगार्ड बसवणार असाल तर थांबा : डिसेंबर २०१७ मध्येच केंद्रीय परिवहन मंत्रालयाने अशा क्रॅशगार्डवर कारवाई करण्यास राज्यांना कळवलं आहे.

राहिला टप. लाइट बार २,५०० ते १५,०००, वर कॅरिअरचा खर्च, वायर आत घेताना गळतीची जोखीम, वेग वाढला की शिटी, झाडीत शिरलं की फांद्या. गोव्यात २०१४ पासून झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत गाड्यांच्या डोक्यावर दिवे दिसतात, कारण तिथे चिखलात रात्री गाडी काढायची असते आणि समोरून कुणी येत नाही. ते चित्र बघून इथे टपावर दहा हजार घालणं मला पटत नाही. धुक्यात तर तो बार पेटवला की समोर पांढरी भिंत उभी राहते.

कायद्याचं एकदा नीट समजून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १११ पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला मनाई करतो. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याची आगाऊ मंजुरी लागते. आपल्याकडच्या एमएच ०५ गाड्यांसाठी ते कार्यालय कल्याणचं. परवानगीशिवाय गाडीत फेरफार केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘कव्हर घातलं की चालतं’ असं दुकानदार सांगतो. कव्हरने समोरच्याचे डोळे वाचतात. नियम तिथेच राहतो.

आता वायरिंग, कारण गाड्या पेटतात त्या बहुधा इथे. ५५ वॉटच्या दोन दिव्यांना बारा व्होल्टवर नऊ अँपिअरच्या आसपास करंट लागतो. त्याला रिले हवा, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज हवा आणि अडीच स्क्वेअर एमएमची वायर हवी. मूळ वायर कापून, पिळून, वर काळी टेप गुंडाळणारा वायरमन स्वस्त पडतो. पण नवीन गाडीत कंपनी वॉरंटी नाकारायला तेवढं कारण पुरतं. कपलरनेच जोडायला सांगा. मजुरी ५०० ते १,५००.

खरेदी उल्हासनगरच्या कॅम्पांत करा किंवा मुंबईत ऑपेरा हाउस, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जा, दुकानागणिक शे-पाचशेचा फरक पडतो आणि वरचे आकडेही त्या हिशेबानेच साधारण धरा. खोक्यावरच्या ल्युमेनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. वॉट, आयपी ६७ चा शिक्का आणि लिखित वॉरंटी बघा. नामांकित कंपनीच्या नावाची नक्कल सर्रास मिळते, म्हणून जीएसटीचं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के आहे.

बसवून झाल्यावर सपाट जागेवर, टायरची हवा नीट भरून, चालक आत बसवून गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करा. फॉग लॅम्पच्या झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा निदान दहा सेंटीमीटर खाली पडली पाहिजे. तशी पडत नसेल तर मजुरीचे पैसे देऊ नका, वायरमनकडूनच पुन्हा सेट करून घ्या.