पंखे फिरतात, मग पडदा काळा का?

प्रश्न : आमच्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडला. प्रोसेसर रायझन 5 7600, बी650 चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर5 रॅमच्या दोन पट्ट्या आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड. बटण दाबले की पंखे फिरतात, रंगीत दिवे लागतात, पण मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. विंडोज अजून टाकलेले नाही, म्हणून असे होते का? ओळखीचा दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड उडाला. आम्ही काय समजायचे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमच्या पत्रात दोन निदाने आहेत. विंडोज नसल्यामुळे पडदा काळा आहे, हे नक्की चूक. मदरबोर्ड उडाला, हे बहुधा चूक. सगळे भाग धडधाकट असूनही पहिल्यांदा चित्र न येणे ही नव्या जोडणीतली नेहमीची तक्रार आहे. तेव्हा चिरंजीवांना धीर द्या आणि बोर्ड काढून दुकानात न्यायची घाई करू नका.

आधी विंडोजचे पाहू. बटण दाबल्यावर पहिल्यांदा चालतो तो मदरबोर्डवरच्याच एका छोट्या चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम, म्हणजे बायोस. तो आधी प्रोसेसर, मग रॅम, मग ग्राफिक्स तपासतो आणि हे सगळे जमले तरच डिस्ककडे वळतो. 1981 सालच्या आयबीएम पीसीतही हीच रीत होती. तपासणी पार पडली की आतल्या स्पीकरमधून एक छोटा ‘बीप’ वाजे. विंडोजची पाळी येते या सगळ्यानंतर. त्यामुळे डिस्क पूर्ण कोरी असली तरी मदरबोर्ड कंपनीचे बोधचिन्ह किंवा बायोसचा पडदा दिसायलाच हवा. ‘बूट करण्याजोगी डिस्क सापडली नाही’ असा संदेश आला, तर ती आनंदाची बातमी समजा. तुमचे यंत्र तिथवरही पोचलेले नाही.

मग पंखे कसे फिरतात? इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. पंख्याला हवा असतो फक्त 12 व्होल्टचा पुरवठा, आणि तो एसएमपीएसच्या 24 पिनांच्या मोठ्या जोडणीतून बोर्डाला मिळतो. प्रोसेसरचे तसे नाही. तो साधारण एका व्होल्टवर चालतो, पण प्रवाह प्रचंड खेचतो. म्हणून त्याच्यासाठी 8 पिनांची स्वतंत्र वायर असते आणि बोर्डावरचे सर्किट त्या 12 व्होल्टचे एक व्होल्ट करून देते. ही वायर राहून गेली, तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि प्रोसेसर उपाशी राहतो. तिची जागा बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, कॅबिनेटच्या अगदी कडेला असते. पंखा नि कूलर बसवल्यावर तिथे हात पोचत नाही, म्हणून ती विसरणारे पुष्कळ असतात.

ही वायर लावताना एक काळजी घ्या. ग्राफिक्स कार्डाची 8 पिनांची वायर दिसायला हुबेहूब तशीच असते. प्रोसेसरची वायर चार-चार पिनांत सुटी होते, कार्डाची सहा आणि दोन अशी. दोन्हींत 12 व्होल्ट आणि अर्थ यांच्या बाजू उलट असतात. चुकीची वायर सहजी बसत नाही. जोर लावून बसवली, तर मात्र दुकानदाराचे म्हणणे खरे ठरेल. जुन्या एसएमपीएसच्या सुट्या वायरी नव्याला लावणेही तितकेच घातक. दुसरे टोक बसले, तरी आतली मांडणी कंपनीगणिक वेगळी असू शकते.

वायर जागेवर असेल, तर संशय रॅमवर घ्या. तुमच्या बोर्डावर रॅमचे चार स्लॉट असतील, तर दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. बहुतेक बोर्डांवर रॅमच्या तारा आधी जवळच्या स्लॉटकडे आणि तिथून पुढे लांबच्या स्लॉटकडे जातात. लांबचा रिकामा ठेवला, तर त्या मोकळ्या टोकावरून विद्युतसंकेत उलटा परततो आणि पुढच्या संकेतात मिसळून तो बिघडवतो. शिवाय पट्टी पूर्ण बसली आहे का, हे डोळ्यांनी पाहा. पुष्कळ बोर्डांवर खटका फक्त एकाच टोकाला असतो. तिकडे ‘खट्’ असा आवाज येतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण दुसरे टोक मिलिमीटरभर वर राहिलेले असते. टॉर्च धरून स्लॉटच्या कडेला डोळा न्या. सोनेरी पट्ट्यांची ओळ एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी दिसली, तर दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा. मनाला वाटते त्याहून जास्त जोर लागतो.

आता तुमच्या यंत्राच्या बाबतीत मला सर्वांत संभवनीय वाटणारे कारण. डीडीआर5 रॅमच्या नव्या बोर्डाला पहिल्यांदा सुरू होताना वेळ लागतो. किती, तर कधी एखादा मिनिट, कधी कित्येक मिनिटे, आणि एवढा वेळ पडदा काळाच राहतो. रॅमचा साधा 4800चा वेग धरला, तरी प्रत्येक तारेवरून सेकंदाला 480 कोटी संकेत जातात. दोन संकेतांमधल्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम 6 सेंटिमीटर जातो! अशा हिशेबात बोर्डावरच्या तारांच्या लांबीतला थोडासा फरकही मोठा ठरतो. म्हणून प्रोसेसरमधला रॅमचा नियंत्रक एकेक तार तपासून, संकेत नेमका कधी वाचायचा ते ठरवतो. मग ही माहिती साठवली जाते आणि पुढच्या वेळी यंत्र लवकर सुरू होते. या काळात यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा चालूही होऊ शकते. नवखा माणूस अर्ध्या मिनिटात घाबरून बटण दाबून धरतो आणि सगळी तपासणी पहिल्यापासून सुरू होते. असे चार वेळा केले की बोर्ड ‘मेला’! तेव्हा एकदा बटण दाबा आणि पंधरा मिनिटे त्याला हात लावू नका.

मॉनिटरची केबलही तपासा. ती ग्राफिक्स कार्डाला लावायची. कार्ड असताना मदरबोर्डवरचे सॉकेट बहुतेक वेळा बंद असते.

एवढ्याने भागले नाही, तर बोर्डालाच विचारा. त्या जुन्या ‘बीप’चे काम आता बहुतेक बोर्डांवर चार बारीक दिवे करतात. त्यांच्याशेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी नावे छापलेली असतात आणि तपासणी जिथे अडली तिथला दिवा लागून राहतो. डीरॅमचा दिवा पंधरा मिनिटांनंतरही जळत असेल, तर रॅमची एकच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवून पाहा, मग दुसरी. व्हीजीएचा असेल, तर कार्डाच्या वायरी पाहा, कार्ड काढून पुन्हा घट्ट बसवा. तुमच्या 7600 मध्ये साधे ग्राफिक्स आतच असते, त्यामुळे कार्ड पूर्ण बाजूला ठेवून बोर्डावरच्या सॉकेटमधून चित्र येते का, तेही बघता येईल. ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, त्यांना ही सोय नाही.

सीपीयूचा दिवा लागून राहिला, तर तीन शक्यता : राहिलेली 8 पिनांची वायर, सॉकेटमधली वाकलेली पिन, किंवा प्रोसेसर ओळखू न शकणारा जुना बायोस. तिसरी बाब तुमच्या जोडीला सहसा लागू नाही. पण 2024 साली आलेला रायझन 9000 मालिकेतला प्रोसेसर आधीपासून दुकानात पडून असलेल्या बी650 बोर्डावर लावला, तर हीच अडचण येते. पुष्कळ बोर्डांवर त्यासाठी मागे एक बटण असते आणि पेनड्राइव्हवरून प्रोसेसरशिवायही नवा बायोस भरता येतो.

पंखे क्षणभर हलून थांबत असते, तर मी वेगळी शंका घेतली असती. तसे झाले की कुठेतरी शॉर्ट असण्याचा संभव मोठा. बोर्डाखाली जे पितळी स्टँडऑफ असतात, त्यांतला एखादा भोक नसलेल्या जागी राहिला, तर तो बोर्डाच्या मागच्या टाक्यांना टेकतो आणि एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो. अशा वेळी बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवून पाहतात. चंदेरी पिशवीवर मात्र ठेवू नका. ती सुरक्षित आहे असा पुष्कळांचा समज असतो, पण तिचा बाहेरचा थर थोडीफार वीज वाहून नेऊ शकतो.

शेवटचा घरगुती उपाय बायोसच्या नोंदी पुसण्याचा. प्लग काढा, बोर्डावरचा सीआर2032 हा नाण्यासारखा सेल काढून पाच मिनिटांनी परत बसवा. त्यानंतर रॅमची तपासणी नव्याने होणार, म्हणजे पुन्हा तेवढीच वाट पाहणे आले. एसएमपीएस मात्र कोणत्याही कारणाने उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून अधिक दाब उरलेला असू शकतो.

इतके करूनही पडदा काळाच राहिला, तर बोर्ड बिलासह दुकानात न्या. नेताना प्रोसेसरच्या सॉकेटवर मूळचे प्लास्टिकचे झाकण आठवणीने लावा. वाटेत पिना वाकल्या, तर वॉरंटीचा दावा सहसा नाकारला जातो.