हृदयविकाराचे औषध आणि त्वचेचा बदलता वर्ण

हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडली म्हणजे रक्ताभिसरण विस्कळीत होते व प्रसंगी रुग्णाच्या जिवावर बेतते. ही लय ताळ्यावर आणणाऱ्या औषधांत ॲमिओडॅरोन हे एक अत्यंत प्रभावी औषध होय. १९६१ साली बेल्जियममध्ये ते प्रथम तयार झाले. प्रारंभी ते हृदयशूळावर दिले जाई. लयदोषावरील त्याचा गुण पुढे ध्यानात आला.

हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या काही थोड्या रुग्णांच्या नाक, गाल, कान अशा उन्हात उघड्या राहणाऱ्या भागांवर निळसर-राखाडी छटा चढते. औषधाचा अंश त्वचेतील पेशींत साचतो व सूर्यप्रकाशाच्या संयोगाने हा पालट घडून येतो. कपड्यांखालील त्वचेचा वर्ण बहुधा पूर्ववत राहतो. हा विकार संसर्गजन्य नाही. त्यामुळे अशा व्यक्तीस दूर ठेवण्याचे काहीच कारण नाही.

मात्र निळेपणाचे दुसरे, अधिक गंभीर कारणही असू शकते. ओठ, जीभ व नखे निळी पडून धाप लागत असेल, तर रक्तातील प्राणवायू कमी झाल्याचे ते लक्षण असू शकते. अशा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

वर्ण पालटल्याच्या भयाने परस्पर औषध बंद करणे हा सर्वांत मोठा धोका होय. तसे केल्यास लयदोष पुन्हा उद्भवू शकतो. शिवाय हे औषध शरीरातील मेदात साठून राहते. त्यातील निम्मा भाग बाहेर पडण्यास सरासरी सुमारे दोन महिने लागतात. साहजिकच औषध थांबताच डाग जात नाहीत. ते फिकट होण्यास कित्येक महिने, क्वचित वर्षेही लागतात व कधी त्यांची खूण मागे उरते. मात्रा कमी करावी की औषध बदलावे, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

प्रतिबंध मात्र रुग्णाच्या हाती आहे. शेतात काम करताना पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी अथवा डोक्याभोवती पदर वा उपरणे असावे. झिंक ऑक्साइडयुक्त मलम उपयुक्त ठरते. खिडकीच्या काचेतूनही अपायकारक किरण आत येतात, हे विसरू नये. थायरॉइड ग्रंथी, यकृत, फुप्फुसे व डोळे यांवरही या औषधाचा परिणाम होऊ शकत असल्याने नियमित तपासणी आवश्यक आहे.

गावातील शिक्षक व पंचायत सदस्य यांनी एवढी माहिती लोकांपर्यंत पोहोचविली, तर डागाच्या भीतीने औषध सोडून जीव धोक्यात घालण्याची वेळ कोणावर येणार नाही.